ढोलकीचं बिल

वडशाला उतरलो तिघी,
मी, कौतुका आणि रंजूबाई पिलारे.
बचत गटाचे पाच हजार दोनशे रंजूबाईच्या बटव्यात,
बटवा कमरेला,
आणि कमरेवर तिचा हात, एसटीत बसल्यापासूनचा.

दिवाळी होऊन आठच दिवस झालेले.
रस्त्याला दोन्ही अंगांनी नाटकांचे बोर्ड,
दुकानात कंपन्यांची माणसं,
कुणाला ऑर्गनचा भाता दाखवायचा, कुणाला काँगोचं कातडं,
त्यांच्यासाठी स्टूल पुसलं, चहा सांगितला.
काउंटरवरच्या पोराने आमच्या मागे पाहिलं.
आमच्या मागे रस्ता होता,
रस्त्यावर एक बकरी.
"सोबत कोन आहे जी?"
"आमीच आहो."
"वाजवनारा नाई आला?"
कौतुकाने बोटं पदराला पुसली.
"ढोलकी दाखव नं बाप्पा."
त्याने दाखवली, म्हणजे बोटाने दाखवली:
वर टांगलेली, नटबोल्टवाली, प्लास्टिकच्या पिशवीत.
"घ्याची असन तरच काढतो.
पिशवी फाटली का मंग कोनी घेत नाई."

पलीकडच्या बोळात पुड्या भरणारा म्हातारा.
दुकान कसलं, ओसरी. बसायला पोतं.
आधी पाणी दिलं, मग गाव विचारलं,
मग कुणाचीशी दुरुस्तीला आलेली ढोलकी
कौतुकाच्या मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.
ती वाजवत गेली. गुरुवारचा ठेका, मग घाईचा,
मग तो, जो ती बांधीत रोवण्याच्या दिवसांत
दुपारच्या सुट्टीत जेवणाच्या डब्यावर वाजवते
आणि मुकादम आला की थांबवते.
इथे कुणी आलं नाही. ती थांबली तेव्हा थांबली.
म्हातारा म्हणाला, "जुनी फेकली का?"
"नाई जी. देवळात आहे. धुम बसली तिची."
"लाकूड कशाचं?"
"शिवनीचं."
"मंग नवी काहून घेता?
तिले आना. साडेचारशेत भरून देतो.
असं लाकूड आता भेटत नाई."

खरं बोलला. गिऱ्हाईक परत धाडणारा दुकानदार
मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.
पाया पडून बाहेर आलो,
आणि तिघींपैकी एकही स्टँडकडे वळेना.

तेरा बाया, आठवड्याला वीस, असे वीस आठवडे.
रंजूबाईने ठेवणीतलं पातळ नेसलेलं.
आणि देवळातली ती शिवणीची,
ती तर मंडळाची. मंडळ माणसांचं.
त्यांचं भजन उरकलं की आम्हाला मिळायची,
आणि परत करताना उजेडात धरून विचारायचे,
ओली तं नाई केली?

"काढ," रंजूबाई काउंटरवर बटवा ठेवून म्हणाली.
नोटा दिसल्यावर पोराने चहा सांगितला.
"नोको. गाडी आहे आमची."
पिशवी फाडली. कौतुकाने एक थाप मारली.
रिकाम्या पिंपावर खारीक पडावी तसा आवाज.
तिने माझ्याकडे पाहिलं, मी रंजूबाईकडे,
रंजूबाईने म्हाताऱ्याच्या बोळाकडे पाहिलं
आणि नोटा मोजायला घेतल्या.
चारशे कमी करून घेतले. पाना फुकट.

बिलावर "श्री" आधीच छापलेलं, पुढे ठिपके.
"नाव?"
"कौतुका दोनाडकर."
पोराचं पेन हवेत थांबलं.
"आमच्याकडे असंच छापून येते जी."
"छापून येऊ दे. लिवता येते नं तुले?"
मग श्री आणि ठिपके यांच्या फटीत
त्याने निळ्या शाईत, जरा तिरकं, कोंबून बसवलं:
मती.

एसटीत ढोलकीला खिडकी दिली.
वैनगंगेचा पूल येईपर्यंत
कौतुका पान्याने कसत होती, सैल करत होती,
कान लावून पुन्हा कसत होती.
आवाज पत्र्याचाच.
कंडक्टर म्हणाला, "कोनाची हाय?"
तिघी एकदम बोललो.